युरोपातील पक्षसंस्थेची उतरती कळा

ब्रिटनमध्ये १९५१ साली जी सार्वत्रिक निवडणूक झाली तीत नोंदलेल्या मतदारांपैकी शेकडा ८२ हून अधिक लोक मतदानास आले, आणि पडलेल्या मतांपैकी शेकडा ९७ च्या आसपास मते हुजूर व मजूर या दोन पक्षांनीच आपसांत वाटून घेतली. जुलै २०२४ मध्ये त्याच देशात मतदानाचे प्रमाण शेकडा ६० वर उतरले, त्या दोन पक्षांचा मिळून वाटा शेकडा ५८ देखील भरला नाही, आणि तरीही शेकडा ३४ च्या आतली मते मिळविणाऱ्या मजूर पक्षाच्या पदरात ६५० पैकी ४११ जागा पडल्या. हिशेब मांडून पाहिला तर ज्या प्रचंड बहुमताचा एवढा गाजावाजा झाला त्याच्या पाठीशी देशातील एकंदर मतदारांचा जेमतेम पाचवा हिस्सा उभा होता. निकालाच्या खरेपणाविषयी कोणी शंका घेतली नाही, पराभूत पंतप्रधानाने दुसऱ्याच दिवशी सरकारी निवासस्थान सोडले, लोकशाहीचे सारे विधी यथासांग पार पडले. परंतु एक वर्ष उलटते न उलटते तोच, ज्यास त्या निवडणुकीत अवघ्या पाच जागा मिळाल्या होत्या तो नायजेल फराज यांचा 'रिफॉर्म' पक्ष लोकमताच्या चाचण्यांत सर्वांच्या पुढे गेला.

युरोपातील लोकशाहीच्या संकटाचे मूळ विचारले असता बहुतेक लेखक उजव्या टोकाच्या नव्या पक्षांकडे बोट दाखवितात. ते पक्ष उपद्रवी नाहीत असे कोणी शहाणा म्हणणार नाही; तथापि त्यांनाच रोगाचे मूळ ठरविणारे निदान प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते. समाज आणि राज्यसंस्था यांच्यामध्ये उभे राहून एकीचे गाऱ्हाणे दुसरीच्या दरबारात नेणारी व दुसरीचा हुकूम पहिलीस समजावून सांगणारी जी पक्षसंस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे निर्माण झाली, ती गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आपली मधली जागा सोडून राज्यसंस्थेच्या बाजूस सरकत गेली, आणि नव्या पक्षांनी आपले बस्तान बसविले ते या मोकळ्या झालेल्या जागेवर. मतदारांनी पक्षांकडे पाठ फिरविली हे खरे, पण पक्षांनी मतदारांकडे फिरविलेली पाठ त्याहून थोडी अगोदरची आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

ही जुनी पक्षसंस्था काय चीज होती याची कल्पना आज येणे कठीण आहे. जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाची सभासदसंख्या पहिल्या महायुद्धापूर्वी दहा लाखांवर गेलेली होती. त्याच्या गायनमंडळ्या होत्या, सायकलस्वारांचे संघ होते, ग्रंथालये होती. कामगार जन्मापासून स्मशानापर्यंत पक्षाच्या छत्राखाली वावरू शकत होता. रॉबर्ट मिखेल्स या समाजशास्त्रज्ञाने १९११ साली याच पक्षाचा अभ्यास करून असा निष्कर्ष काढला की, संघटना म्हटली की तीत मूठभरांची सत्ता प्रस्थापित होणे अटळ आहे. आणि हा त्याचा सिद्धांत पुढे इतका प्रसिद्ध झाला की, मूठभर पुढारी ज्यांच्यावर सत्ता गाजवीत होते ते लक्षावधी अनुयायी त्या संघटनेत प्रत्यक्ष हजर होते, ही त्याच्या ग्रंथातील गृहीत वस्तुस्थिती लोकांच्या ध्यानी राहिली नाही. हॉलंडात कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि समाजवादी यांचे स्वतंत्र स्तंभच उभे होते, आणि प्रत्येकाची वृत्तपत्रे, कामगारसंघ व रेडिओसंस्था निराळ्या होत्या.

ऑस्ट्रियात या व्यवस्थेने कळस गाठला. पाऊणशे लाख वस्तीच्या त्या देशात एकट्या समाजवादी पक्षाचे सभासद १९७९ च्या सुमारास सात लाखांच्या वर होते. व्हिएन्नाच्या नगरपालिकेने दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कामगारांसाठी ज्या भव्य चाळी बांधल्या, त्यांतील 'कार्ल मार्क्स होफ' ही वास्तू आजही प्रवाशांना दाखविली जाते. परंतु या चित्राची दुसरी बाजू दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. युद्धोत्तर ऑस्ट्रियात समाजवादी 'लाल' आणि ख्रिस्ती-पुराणमतवादी 'काळे' यांनी सरकारी कारखाने, बँका, नभोवाणी, इतकेच काय पण शाळांचे मुख्याध्यापकपद देखील ठराविक प्रमाणात वाटून घेतले होते. नोकरी हवी असो की घर हवे असो, खिशात पक्षाची सभासदवही असणे हिताचे होते, आणि ज्यांच्यापाशी ती नव्हती त्यांच्या संतापावरच यर्ग हायडर यांनी १९८६ पासून आपल्या फ्रीडम पक्षाची इमारत उभी केली. १९९९ साली त्या पक्षास शेकडा २७ च्या जवळपास मते मिळाली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो देशातील पहिल्या क्रमांकाचा पक्ष ठरला. जुनी पक्षसंस्था म्हणजे काही रामराज्य नव्हते. वशिला आणि सेवा या दोहोंचे तीत मिश्रण होते, आणि पुढे सेवा आटली व वशिला तेवढा उरला.

ती आटली कशी, याचा इतिहास थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. खाणी व पोलादाचे कारखाने बंद पडले तशी कामगारवस्ती पांगली, चर्चमधील उपस्थिती रोडावली तसा ख्रिस्ती लोकशाही पक्षांचा पाया खचला, आणि दूरचित्रवाणी आल्यावर पुढाऱ्यास दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्याची गरज राहिली नाही. २०१० च्या आधीच्या काही वर्षांत युरोपभर जी मोजदाद झाली तीनुसार कोणत्याही पक्षाचे सभासद असलेल्यांचे प्रमाण एकूण मतदारांत सरासरीने शेकडा पाचाहूनही कमी भरले. ब्रिटनच्या हुजूर पक्षापाशी १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत २८ लाखांच्या घरात सभासद होते; २०२४ च्या नेतेपदाच्या निवडणुकीत मताधिकार असलेले सभासद १ लाख ३२ हजारही नव्हते. गंमत अशी की सभासद जसजसे कमी होत गेले तसतसे त्यांचे अधिकार मात्र वाढविण्यात आले. २०२२ साली या पक्षाच्या ८१ हजार सभासदांनी लिझ ट्रस यांस पंतप्रधानपदी बसविले, आणि पेठेतील व्याजाचे दर भडकल्यामुळे त्यांस ४९ दिवसांत खुर्ची सोडावी लागली. खासदारांचा विश्वास नसलेला, आणि देशाच्या लोकसंख्येत शेकडा एकही नसलेल्या मंडळींनी निवडलेला पंतप्रधान, हा संसदीय पद्धतीतला प्रकार मिखेल्सच्या कल्पनेतही आला नसेल.

सभासदांच्या वर्गणीची जागा सरकारी खजिन्याने भरून काढली. पश्चिम जर्मनीत १९५९ पासून पक्षांना सरकारी तनखा सुरू झाला, आणि पुढे बहुतेक देशांनी तो कित्ता गिरवला. रिचर्ड कॅट्झ आणि पीटर मेअर या दोघा अभ्यासकांनी १९९५ साली अशी मांडणी केली की, प्रस्थापित पक्ष राज्याच्या साधनांवर आपसांत संगनमत करून जगू लागले आहेत आणि त्यांच्यातील स्पर्धा नाममात्र उरली आहे. शहरात बसून दूरच्या गावचा वसूल खाणाऱ्या इनामदारास गावात पाऊस पडला की नाही याची जशी फिकीर नसे, तशी या पक्षांची स्थिती झाली. इटलीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. मिलानमधील एका वृद्धाश्रमाचा समाजवादी अध्यक्ष फेब्रुवारी १९९२ मध्ये लाच घेताना पकडला गेला, आणि त्या एका धाग्यावरून तपास करीत सरकारी अभियोक्त्यांनी दोन वर्षांत सारी पक्षव्यवस्था उसवून टाकली. युद्धानंतर अखंड सत्तेत असलेला ख्रिस्ती लोकशाही पक्ष १९९४ च्या प्रारंभी नामशेष झाला. मधल्या काळात, एप्रिल १९९३ मध्ये, पक्षांचा सरकारी तनखा बंद करावा असा कौल शेकडा ९० मतदारांनी सार्वमतात दिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने 'निवडणूक खर्चाची भरपाई' या नव्या सदराखाली पक्षांना पैसे देण्याचा कायदा संमत केला. लोकांच्या कौलाचा याहून उघड उपमर्द शोधून सापडणार नाही. आणि पुढे बेप्पे ग्रिल्लो या विनोदी नटाने २००९ साली काढलेल्या पंचतारा चळवळीस २०१८ मध्ये शेकडा ३२ हून अधिक मते का मिळाली, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या डिसेंबरच्या कायद्यातच आहे.

खजिन्याची किल्ली पक्षांनी जवळ घेतली खरी, पण त्याच सुमारास राज्यकारभाराच्या महत्त्वाच्या किल्ल्या त्यांनी दुसऱ्यांच्या हवाली केल्या. फेब्रुवारी १९९२ मध्ये मास्ट्रिख्टच्या तहावर सह्या झाल्या. त्यान्वये चलन व व्याजदर यांची मुखत्यारी यथाकाल फ्रँकफुर्टच्या मध्यवर्ती बँकेकडे गेली, आणि अंदाजपत्रकी तुटीस राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा तीन अशी मर्यादा पडली. यात अर्थशास्त्रीय शहाणपण असेलही. तथापि मतदाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा झाला की, मंत्री बदलता येतील, धोरण बदलता येणार नाही. ग्रीसने या सत्याची किंमत मोजली. २००९ साली शेकडा ४४ च्या जवळपास मते मिळवून अधिकारावर आलेला 'पासोक' हा समाजवादी पक्ष, दिवाळखोरीच्या भयाने धनकोंच्या अटी मान्य करून जानेवारी २०१५ मध्ये शेकडा पाचाच्या खाली घसरला. जुन्या समाजवादी पक्षांच्या अशा ऱ्हासास त्यानंतर 'पासोकीकरण' असेच नाव पडले. त्याच्या जागी आलेल्या सिरिझा पक्षाने ५ जुलै २०१५ रोजी सार्वमत घेतले, शेकडा ६१ लोकांनी धनकोंच्या अटी धुडकावल्या, आणि पुरते आठ दिवसही झाले नाहीत तोच त्याच पंतप्रधानाने ब्रुसेल्समध्ये रात्रभर चाललेल्या बैठकीअंती त्याहून कडक अटींना मान तुकविली. डावा पक्ष पाहिला, त्याहून डावा पाहिला, कारकुनी तीच.

युरोपीय संघाने ही उणीव भरून काढण्यासाठी स्वतःची संसद उभी केली आहे, परंतु १९७९ च्या पहिल्या निवडणुकीत शेकडा ६२ असलेले मतदान २०१४ पर्यंत शेकडा ४३ च्या खाली गेले. २०१९ व २०२४ या दोन निवडणुकांत ते निम्म्याच्या किंचित वर सावरले. पक्षांनी आपले प्रमुख उमेदवार अगोदर जाहीर करावे आणि विजयी पक्षाचा उमेदवार आयोगाचा अध्यक्ष व्हावा, असा संकेत २०१४ साली रुजू घातला होता. पाचच वर्षांनी सरकारांच्या प्रमुखांनी तो बाजूस सारून, उमेदवारांच्या यादीत ज्यांचे नाव कोठेच नव्हते त्या जर्मन संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायेन यांची निवड केली.

आता नव्या पक्षांकडे वळू. त्यांचा मोठा दावा असा की, जुन्यांनी लोकांस दूर लोटले आणि आम्ही लोकांस परत आणतो. प्रत्यक्षात त्यांतील कित्येकांचे घर जुन्यांहूनही रिकामे आहे. सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांनी जानेवारी १९९४ मध्ये जाहीर केलेला 'फोर्झा इटालिया' पक्ष त्यांच्या जाहिरात कंपनीच्या कारभाऱ्यांनी बांधला आणि दोन महिन्यांत निवडणूक जिंकली. हॉलंडात खेर्ट विल्डर्स यांच्या स्वातंत्र्य पक्षाचे सभासद फक्त स्वतः विल्डर्स आहेत. किमान एक हजार सभासद नसल्याने त्या पक्षास सरकारी अनुदान देखील मिळत नाही, आणि असे असूनही नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने १५० पैकी ३७ जागा घेऊन पहिला क्रमांक पटकावला. पुढे जून २०२५ मध्ये आश्रयार्थींच्या प्रश्नावर त्यांनीच सरकार पाडले, त्या वेळी पक्षाच्या कोणत्या सभेत हा ठराव झाला असे विचारण्याची सोयच नव्हती. फ्रान्सचे एमॅन्युएल मॅक्रॉन टोकाचे नाहीत, मध्यममार्गी आहेत; पण त्यांचा पक्षही एप्रिल २०१६ मध्ये जन्मून तेरा महिन्यांत राष्ट्राध्यक्षपद मिळविणारा, एका व्यक्तीभोवती गुंफलेला. त्याने जुन्या समाजवादी पक्षास इतके पोखरले की २०१२ साली राष्ट्राध्यक्षपद जिंकणाऱ्या त्या पक्षाच्या उमेदवारास २०२२ मध्ये शेकडा दोन मतेही पडली नाहीत. जून २०२४ मध्ये त्यांनी सभागृह बरखास्त केले. नव्या सभागृहात तीन गट एकमेकांस खेटून बसले, डिसेंबरात मिशेल बार्निए यांचे सरकार अविश्वासाच्या ठरावाने कोसळले, जे १९६२ नंतर फ्रान्सात प्रथमच घडले, आणि पुढच्या सप्टेंबरात फ्रान्स्वा बायरू यांचे सरकारही, त्यांनी स्वतःच मागितलेला विश्वासाचा ठराव हरून, पडले.

नव्या पक्षांच्या उदयामागे स्थलांतराचा प्रश्न आहे, आणि तो टाळून चालणार नाही. २०१५ साली एकट्या जर्मनीत नऊ लाखांच्या जवळपास आश्रयार्थी आले. त्यांस घ्यावे की न घ्यावे याविषयी प्रामाणिक मतभेद संभवतात. परंतु मोठ्या पक्षांनी त्याची खुली चर्चा टाळली आणि ती चर्चा करण्याचा मक्ता आपोआप एका टोकाकडे गेला. डेन्मार्कच्या सोशल डेमोक्रॅटांनी उलट वाट धरली. निर्बंधांचे कडक धोरण स्वतःच स्वीकारून २०१९ साली सत्ता मिळविली. स्वीडनमध्ये 'स्वीडन डेमोक्रॅट' नावाच्या उजव्या पक्षास २०२२ मध्ये शेकडा २० हून अधिक मते पडली आणि सरकार त्याच्या बाहेरून मिळणाऱ्या पाठिंब्यावर उभे राहिले. बहिष्कार, अनुकरण आणि भागीदारी हे तीनही उपाय कोठे ना कोठे करून पाहण्यात आले आहेत, आणि कोणत्याही एकास सर्वत्र यश आलेले नाही.

हंगेरीची कथा निराळी असून तिच्यापाशी जरा थांबावयास हवे, कारण ती वर मांडलेल्या विचारास अंशतः छेद देते. मार्च १९८८ मध्ये बुडापेस्टच्या विद्यार्थ्यांनी काढलेला 'फिदेस' हा मूळचा उदारमतवादी तरुणांचा पक्ष. पस्तिशीवरील माणसास त्यात प्रवेश नव्हता. २००२ साली निवडणूक हरल्यावर व्हिक्टर ऑर्बान यांनी गावोगाव 'नागरिक मंडळे' स्थापन करण्याची हाक दिली आणि अशी हजारो मंडळे खरोखर उभी राहिली. पश्चिमेकडील पक्ष समाजातून उठून जात असताना हा पक्ष समाजात मूळ धरीत होता. एप्रिल २०१० मध्ये शेकडा ५३ च्या आतील मतांवर त्यास दोन-तृतीयांशाहून अधिक जागा मिळाल्या, आणि त्या बळावर त्याने एकट्याच्या मतांनी नवी राज्यघटना संमत करून १ जानेवारी २०१२ पासून अंमलात आणली. न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून ६२ वर आणले, सभागृह ३८६ वरून १९९ जागांचे केले, मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या; परिणामी २०१४ मध्ये शेकडा ४५ मतांवरही दोन-तृतीयांश बहुमत कायम राहिले. २०१८ साली चारशेहून अधिक वृत्तपत्रे व प्रसारसंस्था त्यांच्या सरकारधार्जिण्या मालकांनी एका प्रतिष्ठानास विनामूल्य देऊन टाकल्या. यातील प्रत्येक पाऊल कायद्याच्या चौकटीत होते, कारण चौकटच दर वेळी बदलून घेतली होती. समाजात रुजलेला पक्ष लोकशाहीचा आधार असतोच असे नाही, हा धडा यातून घ्यावा लागतो. मात्र अशा पक्षास टक्कर देणारी तशीच रुजलेली संघटना विरोधी बाजूस कित्येक वर्षे नव्हती, हेही तितकेच खरे आहे. पोलंडात 'कायदा व न्याय' पक्षाने २०१५ नंतर न्यायालयांच्या बाबतीत तोच मार्ग धरला. तेथे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेकडा ७४ मतदारांनी मतदान करून त्यास पायउतार केले. पण अवैध रीतीने नेमलेले न्यायाधीश वैध रीतीने काढावे कसे, हा पेच नव्या सरकारास अद्याप सुटलेला दिसत नाही.

स्वतःच्या शत्रूंपासून लोकशाहीने स्वतःचे रक्षण कायद्याने करावे, हा जर्मनांचा विचार हिटलरच्या अनुभवातून आलेला आहे. त्यांच्या मूलभूत कायद्याच्या एकविसाव्या कलमाने लोकशाही व्यवस्था उलथू पाहणाऱ्या पक्षावर बंदी घालण्याचा अधिकार घटना न्यायालयास दिला, आणि १९५२ साली एका नाझीपंथी व १९५६ साली कम्युनिस्ट पक्षावर ती घालण्यातही आली. २०१७ मध्ये मात्र न्यायालयाने दुसऱ्या एका पक्षाचे ध्येय घटनाविरोधी ठरवूनही, तो इतका क्षुद्र आहे की त्याच्यावर बंदीची आवश्यकता नाही, असा निर्णय दिला. यातून चमत्कारिक पेच उद्भवतो: पक्ष लहान असता बंदी अनावश्यक, आणि 'एएफडी' या उजव्या टोकाच्या पक्षासारखा फेब्रुवारी २०२५ मध्ये शेकडा २१ च्या आसपास मते मिळविणारा असता ती जवळजवळ अशक्य. त्याच निवडणुकीत ख्रिस्ती लोकशाहीवादी आणि सोशल डेमोक्रॅट मिळून शेकडा ४५ भरले. १९७२ साली ते शेकडा ९० होते. रुमानियाच्या घटना न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तर राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरीच रद्द केली, कारण प्रचारावर शून्य खर्च दाखविणारा एक अपरिचित उमेदवार समाजमाध्यमांच्या लाटेवर पहिला आला होता. फ्रान्सात मार्च २०२५ मध्ये मारीन ल पेन यांस युरोपीय संसदेच्या पैशांच्या अपहाराबद्दल दोषी ठरवून पाच वर्षांसाठी उमेदवारीस अपात्र करण्यात आले. या निवाड्यांतील कायद्याची बाजू भक्कम असेल. पण रुमानियाच्या मतदारास आपले मत एकदा पडल्यावर रद्द झाले एवढेच आठवत राहील, याचा विचार न्यायालयाबाहेर कोणीतरी करावयास हवा होता.

मराठी वाचकास येथे मानवेंद्रनाथ रॉय यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बर्लिनमध्ये राहून तेथील पक्षराजकारण जवळून पाहिलेल्या रॉय यांनी १९४८ च्या अखेरीस आपला रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष विसर्जित केला आणि पक्षविरहित लोकशाहीचा पुरस्कार केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखे आपल्याकडील विचारवंत त्यांच्या प्रभावळीत होते. रॉय यांस अभिप्रेत होत्या त्या गावोगावच्या जागृत लोकसमित्या. युरोपात पक्ष विरत चालले आहेत, पण त्यांच्या जागी लोकसमित्या उगवलेल्या नाहीत.

या दिशेने थोडाबहुत खरा प्रयोग आयर्लंडने केला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ९९ नागरिकांच्या सभेने २०१६-१७ मध्ये गर्भपाताच्या प्रश्नावर तज्ज्ञांस पाचारण करून चर्चा केली, तिच्या शिफारशीवर संसदीय समिती बसली, आणि मे २०१८ च्या सार्वमतात शेकडा ६६ लोकांनी घटनादुरुस्तीस संमती दिली. जी गोष्ट पक्षांनी पस्तीस वर्षे हाताळण्याचे धैर्य दाखविले नव्हते ती अशा रीतीने शांतपणे मार्गी लागली, आणि युरोपभर या पद्धतीची वाहवा झाली. पुढे स्त्री-पुरुष समानतेवर अशीच दुसरी सभा भरली. कुटुंबातील शुश्रूषेच्या कामास राज्याने कितपत बांधील असावे याविषयी तिने केलेली शिफारस सरकारने शब्द सौम्य करून सार्वमतास ठेवली. सर्व प्रमुख पक्षांचा तिला पाठिंबा होता. ८ मार्च २०२४ रोजी शेकडा ७४ च्या जवळपास मतदारांनी ती फेटाळली, आणि नकाराचे एवढे प्रमाण आयर्लंडच्या कोणत्याही सार्वमतात त्यापूर्वी कधी पडले नव्हते.